‘चित्रकला बारावीनंतर बघू’ हा सल्ला मुलांना महाग पडतो

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच असतात. चित्रकला आणि फोटोग्राफी हे छंद आहेत, अभ्यासाचे विषय नव्हेत. फोटो तर आता मोबाइलच काढतो. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीला पदरात पाडून घ्या आणि ब्रश ठेवून द्या. अकरावी-बारावी सायन्सला वाहून टाका, कलेचं बारावीनंतर बघता येईल. शिवाय कलेत पैसा नाही आणि कॅमेऱ्याचा खर्च सामान्य घराला झेपत नाही.

मी शाळेत कला शिकवते. या मजकुरावर विश्वास ठेवून हात चांगला असलेली मुलं अकरावीत वही बंद करतात, आणि बारावीत ऐन वेळी धावत येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते. सगळ्यात जास्त नुकसान करणारा आधी.

‘बारावीनंतर बघता येईल.’ नाही येत, कारण कॅलेंडर तसं नाही. आयआयटी मुंबईतर्फे होणारी यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा जानेवारीत असते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या लेखी परीक्षेच्याही आधी. तिचा अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचा असतो. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, कुठल्याही शाखेच्या मुलाला ती देता येते, पण तिच्या दुसऱ्या भागात कागद-पेन्सिल घेऊन चित्रच काढावं लागतं. एनआयडी या सरकारी डिझाइन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेची पहिली फेरीही हिवाळ्यातच उरकते. मुंबईच्या सर ज. जी. (जे.जे.) कला महाविद्यालयासारख्या संस्थांमधल्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी आहे. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. या परीक्षांना टक्केवारी दाखवून पुढे सरकता येत नाही. तिथे हात चालावा लागतो.

स्मरणचित्राचंच घ्या. ‘भाजीबाजार’ असा विषय आला की दुकानं, ताडपत्री, टोपल्या सगळ्यांना जमतात. घोडं अडतं ते माणसांपाशी. वाकून वांगी निवडणारी बाई काढायची तर तिचा भार कुठल्या पायावर आहे, पाठीचा बाक कुठून सुरू होतो, पदर कुठे लोंबतो हे समोर कुणी नसताना आठवायला हवं. ते आठवतं फक्त त्याला, ज्याने एसटी स्टँडवर, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत बसून झटपट रेखाटनं केलेली असतात. दोन वर्षं वही बंद ठेवून महिनाभराच्या क्लासमध्ये हे भरून निघत नाही. क्लासवाले तयार माणसांचे पाच-सहा साचे पाठ करून घेतात आणि त्या वर्गातली सगळी मुलं तीच माणसं काढतात.

‘हे छंद आहेत.’ छंद म्हणून कुणी चित्र काढलं तर त्यात वावगं काहीच नाही. पण शाळेत जे शिकवलं जातं ते वेगळं. टेबलावर एक पितळी तांब्या ठेवा आणि नववीतल्या मुलांना काढायला सांगा. निम्म्याहून अधिक जण तोंडाची कड दोन्ही बाजूंना टोकदार काढतील आणि तळाशी सरळ रेघ मारतील. तळ सपाट आहे हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते माहीत असलेलं काढतात, दिसणारं काढत नाहीत. प्रत्यक्षात तोंडाचा लंबगोल कडेला वळतो, टोक कुठेच येत नाही. आणि तळ नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असल्यामुळे तिथली कड तोंडापेक्षाही अधिक गोलाईची दिसते. हे एकदा डोळ्यांना पटलं की मूल तांब्याच नाही, सगळंच तपासून बघायला लागतं. सावली काळी नसते, तिच्यात शेजारच्या पिवळ्या कापडाचा रंग उतरतो, हे त्याचं त्यालाच सापडतं. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

आणि अभ्यासक्रम म्हणून विचाराल, तर सीबीएसईला अकरावी-बारावीत चित्रकला हा रीतसर विषय आहे: 30 गुण लेखी, 70 प्रात्यक्षिक, त्यातले 20 वर्षभराच्या कामाच्या संग्रहाला. लेखीत सिंधू संस्कृती आणि अजिंठ्यापासून राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी शैलींमधून बंगाल शैलीपर्यंत यावं लागतं. आपल्याकडे राज्य मंडळाची मुलं मात्र यात मागे राहतात, कारण अकरावीला चित्रकला शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय जवळपास सापडणंच मुश्कील. राग यायचा तर याचा यावा.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, 1885 साली जे.जे.त शिकायला आले तेव्हा पंधरा वर्षांचे होते, आजच्या दहावीतल्या मुलाएवढे. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, लोणावळ्याला छापखान्यातलं काम, आणि 1913 मध्ये चित्रपट. प्रत्येक मूल फाळके होणार नाही, हे मलाही कळतं. मी क्रमाकडे बोट दाखवते आहे: पेन्सिल आधी आली, कॅमेरा नंतर.

‘फोटो मोबाइलच काढतो.’ काढतो. कसा काढतो ते पाहा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असं गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे. वारीत पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशी दिंडी फ्रेमभर आली की तो प्रकाश कमी करतो आणि पांढऱ्याचं मळकट करडं होतं. मागे उजळ आभाळ असेल तर वारकऱ्याचा चेहरा काळवंडतो. आजचे फोन कमी-जास्त प्रकाशाचे अनेक फोटो एकत्र करून दोन्ही सांभाळतात खरे, पण त्यात सावल्या एवढ्या वर उचलल्या जातात की संध्याकाळची दिंडी दुपारची वाटते. कुठे प्रकाश वाढवायचा, कुठे चेहरा मुद्दाम काळोखात ठेवायचा, हे फोटो काढणाऱ्याने ठरवायचं असतं. शटर 1/1000 सेकंद उघडलं तर रिंगणातला घोडा थिजतो, 1/60 सेकंद उघडलं तर त्याचा पट्टा होतो. दोन्ही फोटो चांगले असू शकतात, पण कुठला हवा ते आधी ठाऊक असायला हवं.

सायन्स आणि कला एकमेकांच्या वाटेत येतात, या समजुतीला तर फोटोग्राफीच उत्तर देते. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की प्रकाश एक चतुर्थांश होतो. भौतिकशास्त्रातला हा नियम मुलं पाठ करतात, पण आईच्या चेहऱ्यावर टेबललॅम्प धरून तो बघतात तेव्हा विसरत नाहीत. भिंगाचं छिद्र एफ/2.8 वरून एफ/4 वर, म्हणजे लहान, केलं की प्रकाश निम्मा का होतो, हे वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं गणित आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. त्याच वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपल्याकडचे सुरुवातीचे छायाचित्रकार तयार झाले. या विषयाला शिकवणी लागते हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं.

‘गुण घ्या आणि ब्रश ठेवून द्या.’ गुण जरूर घ्यावेत. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत 7, बी ला 5, सी ला 3. पण सात गुणांसाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन एवढं सगळं शिकायचं आणि हात वळू लागला की थांबायचं, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

‘कलेत पैसा नाही.’ सुरुवातीची वर्षं अनिश्चित असतात, हे मी कुणापासून लपवत नाही. पण पॅकेजिंग, अॅनिमेशन, कापडावरचं डिझाइन, जाहिरात, वस्तूंची फोटोग्राफी, संग्रहालयांतलं जतनाचं काम, ही सगळी पोट भरणारी कामं आहेत, आणि प्रत्येकात कुणीतरी शिकलेलं माणूस बसलेलं असतं.

‘खर्च झेपत नाही.’ हा एक मुद्दा खोटा नाही. चांगला कॅमेरा महाग आहे, खासगी डिझाइन कॉलेजांची फी तर छातीवर येते. म्हणून सरकारी संस्थांच्या परीक्षा मुलांना माहीत हव्यात. कॅमेरा मात्र शाळेच्या वयात लागतच नाही. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात शटर आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) हाताने बदलता येतात. एक खिडकी, शक्यतो उत्तरेची, म्हणजे थेट ऊन फारसं येत नाही. तिच्या शेजारी तांब्या किंवा आजी बसवायची, आणि सावलीच्या बाजूला प्रकाश परतवायला पांढरी कार्डशीट उभी करायची. कार्डशीट जवळ-लांब करत दहा फोटो काढायचे, मग त्यातलाच एक समोर ठेवून 2बी पेन्सिलने छटा काढायच्या. अकरावीच्या मुलाला हे रविवारच्या तासाभरात जमतं, आणि त्याने बाकीच्या अभ्यासाचं काही बिघडत नाही. यूसीडचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा त्याच्याकडे भरलेली वही असेल.