‘कधी कोल्हापुरात गाडी चालवलीय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

रुग्णवाहिकेला वाट कशी द्यावी यावर मी लिहिलं, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली: ‘मागं सायरन कोकलतोय आणि तुम्ही लाल सिग्नलला थांबा म्हणता? एसीत बसून लेख लिहिणाऱ्यांनी कधी कोल्हापुरात गाडी चालवलीय का?’

साहेब, अकरा वर्षं रुग्णवाहिकाच चालवलीय, याच शहरात. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण हे ‘एसीत बसून’ कशाला? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. असो.

‘थांबा’ म्हणजे खांबासारखे उभे राहा असं मी कुठं लिहिलंय? दाभोळकर कॉर्नरला तुम्ही रांगेत पहिले आहात असं धरा. सायरन ऐकून तुम्ही लाल तोडून घुसलात. आडव्या रस्त्यानं हिरवा मिळालेली केएमटीची (शहर वाहतुकीची) बस येतेय. तिच्या ड्रायव्हरनं सायरन ऐकला तरी त्याची नजर रुग्णवाहिकेला शोधत असते, तुमच्या गाडीला नाही. ठोकर बसली की चौक बंद, आणि जिच्यासाठी हे केलंत ती मागं अडकून. कायदाही, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई, रस्त्याच्या बाजूला व्हायला सांगतो. न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढं पळा असं त्यात कुठंच नाही.

वाट रांगेतच करायची असते. रुग्णवाहिका साधारण दोन मीटर रुंद, अग्निशमनचा बंब अडीच. तेवढ्या फटीसाठी चौक ओलांडावा लागत नाही, फक्त गाडी तिरकी काढायला जागा लागते. म्हणून थांबतानाच पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडायचं. बंपरला बंपर लावलात की स्टेअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेर निघत नाही. मग रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि मागं मोपेड चिकटलेली असते. सायरन आला की डावा इंडिकेटर द्या, डाव्या आरशात दुचाकी बघा (ती हमखास असतेच), आणि मग सावकाश डावीकडं. गचकन ब्रेक मारू नका. मागच्यानंही तसाच मारला तर रुग्णवाहिकेत रुग्णाला धरून उभा असलेला माणूस आदळतो.

एक मान्य. दुभाजकालगतच्या गाडीला डावीकडं जागा नसेल तर तिनं दुभाजकालाच चिकटून मधनं वाट द्यावी, हे लिहायचं राहिलं. आणि समोर पादचारी नसताना पांढऱ्या रेषेपुढं हात-दोन हात सरकलात तर चालतं. हवालदार हात करून बोलवत असेल तर प्रश्नच मिटला. पण एवढंच सांगायचं होतं तर नीट भाषेत सांगता आलं असतं.

चारी इंडिकेटर लावू नका, हा तुमच्या मते ‘फालतू’ सल्ला. चारी लुकलुकले की मागच्या ड्रायव्हरला कळत नाही, तुम्ही डावीकडं जाताय की गाडी बंद पडलीय.

राहिलं ‘रिकाम्या रुग्णवाहिकाही सायरन वाजवतात’. वाजवतात. रुग्ण आणायला निघालेली रुग्णवाहिका रिकामीच असते.