भिगवणला बोट मिळते, बूड टेकायला जागा मिळत नाही

डिसेंबर लागला की पुण्यातल्या निम्म्या कॅमेऱ्यांना सोलापूर रस्त्याची ओढ लागते. पहाटे चारला निघायचं, शंभरेक किलोमीटर मारून भिगवणजवळ उजनी धरणाच्या काठावरचं कुंभारगाव नाहीतर डिकसळ गाठायचं, बोटीत बसायचं, रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्याच्या अंगावर जायचं, थवा उडाला की आरडाओरडा करायचा, साडेदहाला चिलापीचं ताट हाणायचं आणि दुपारी पुन्हा हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये. याला पक्षीनिरीक्षण म्हणायला माझी हरकत आहे. उजनीच्या काठाला बोटींपेक्षा लपणांची गरज जास्त आहे. म्हणजे पक्ष्यांना न दिसता आत बसून त्यांना बघायचे आडोसे; फोटोग्राफर मंडळी ज्याला हाइड म्हणतात ती. सिमेंटची नकोत, बांबूची हवीत आणि उचलून दुसरीकडे ठेवता येतील अशी.

सिमेंटची का नकोत, ते आधी सांगतो, कारण काहीतरी 'विकसित' करायचं ठरलं की आपल्याकडे पहिली सुचते ती काँक्रीटची खोली.

उजनी धरण १९८० सालचं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा; पाणी त्याच्याही खाली गेलं की धरण 'मायनस'. 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी वाचून पुणेकर पान उलटतो. पक्षी बघणाऱ्याने मात्र तो आकडा ऊसवाल्याइतक्याच काळजीने वाचायला हवा. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असताना काठाला गाळाची पट्टीच नसते. रोहिताला लागतं त्याच्या गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ (तो गुडघा म्हणजे खरं तर घोटा, पण ते असो). म्हणून ऑक्टोबरात जाऊन 'फ्लेमिंगो कुठायत?' असं नावाड्याला विचारण्यात अर्थ नसतो. कालव्याला पाणी सुटत जातं, पातळी उतरते, गाळ उघडा पडतो आणि जानेवारीनंतर खरी मजा सुरू होते.

पण पातळी उतरते म्हणजे काठही सरकतो. उतार शंभराला एक असला तर पाणी एक मीटर खाली जाताच काठ शंभर मीटर लांब जातो. नोव्हेंबरच्या काठावर बांधलेली पक्की खोली मार्चमध्ये माळावर उभी असते, आणि मार्चच्या काठावर बांधाल तर पुढच्या पावसाळ्यात ती पाण्याखाली जाईल. शिवाय पाणी हटलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. तिथे बांबूचा खांब रोवायचा तरी आधी पीक घेणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, आणि ते विचारलंच पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं गणित वेगळं आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा शंभर वर्षांहून जुना बंधारा, त्यामागे साठलेला गाळ, त्यातून तयार झालेली दलदल. १९८६ पासून अभयारण्य, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे मनोरे आहेत, वाटा आहेत, आणि पुण्याहून सिन्नरमार्गे निफाडकडे जायचा कंटाळा केला नाही तर मुक्काम करून बघण्यासारखी जागा आहे. पण मनोरा म्हणजे लपण नव्हे. मनोऱ्यावरून थवे मोजता येतात, कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते कळतं. मात्र तुम्ही स्वतः आभाळासमोर खांबासारखे उभे असता. मनोऱ्यावर हात लांब करून 'ते बघ, ते बघ' केलं की सर्वांत जवळचं बदक आधी निघून जातं.

आता लपण कसं असावं. इंदापूर तालुक्यात बांबू मिळतो आणि पाचटाला तर तोटा नाही. सहा फूट बाय चार फुटांचा सांगाडा, उंची साडेपाच फूट, आत तीन माणसं. चौघांनी चार कोपरे धरून उचलता यावा इतकाच जड. छपराला पत्रा घालू नये. दहानंतर आत भट्टी होते आणि तापताना पत्रा टकटक वाजतो. पाचटाची जाड शाकारणी गार राहते आणि लांबून कडब्याच्या गंजीसारखी दिसते, जी त्या पक्ष्यांनी आयुष्यभर पाहिलेली असते. भिंतींना हिरवं शेडनेट मारून मोकळं होणाऱ्यांची दोन चुकांत फसगत होते. एक पदर असला आणि ऊन मागून आलं की आतला माणूस पडद्यावरच्या सावलीसारखा दिसतो. आणि नेट सैल राहिलं तर वाऱ्याबरोबर फडफडतं. माणसाला बुजत नाहीत इतकी त्या फडफडीला बदकं बुजतात. म्हणून दोन पदर, मागच्या बाजूला तिसरं गोणपाट, आणि दर वीतभर अंतरावर सुतळीची गाठ.

फट हा सगळ्यात नाजूक भाग. मोठी खिडकी ठेवली की बघणाऱ्याला बरं वाटतं, पक्ष्याला नाही. दीड फूट उंच बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतात. फट तिथेच हवी, आडवी, आठ-नऊ इंच उंच. दुसरी फट जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, लहान मुलांसाठी आणि मांडी घालून बसणाऱ्यांसाठी. खालच्या फटीतून फोटोही चांगला येतो, कारण लेन्स पक्ष्याच्या नजरेच्या जवळ येते. दार मागे, पण सरळ फटीसमोर नको. दार उघडताच मागून उजेड घुसला की फटीतून डोकी दिसतात, आणि अर्ध्या तासाची शांतता एका क्षणात वाया जाते. दाराला पोत्याचा पडदा, आणि आत शिरताना एक वळण.

दिशा तर ठरवूनच घ्यावी लागते. सकाळी बसायचं असेल तर सूर्य पाठीशी, म्हणजे फट पश्चिमेला. संध्याकाळी उलट. एकाच लपणात दिवसभर बसून दोन्ही वेळा उजेड चांगला मिळणार नाही, त्यामुळे दोन काठांना दोन लपणं हे किमान. आणि तिथवर पोचायची शेवटची तीस-चाळीस पावलं आडोशाने झाली पाहिजेत. कमरेएवढा पाचटाचा कूड नाही, डोक्याएवढा. बांधाच्या माथ्यावरून उघड्यावर चालत आलात तर लपणाचा काही उपयोग नाही; तुम्ही कुठून आलात आणि कुठे शिरलात ते सगळ्या तळ्याने पाहिलेलं असतं.

याला एक जुनी युक्ती आहे. तिघांनी आत जायचं आणि एकाने सरळ बाहेर पडून निघून जायचं. माणूस गेला असं समजून बरेच पक्षी निवांत होतात. टिटवीवर मात्र फारसा भरवसा ठेवू नका.

लपण नव्या जागी ठेवलं की पहिल्या दिवशीच त्यात घुसायचं नाही. दोन-तीन दिवस रिकामं राहू द्यावं. बसायचं असेल तर उजाडायच्या आधी आत. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेसहाला बूड टेकलेलं हवं. थर्मासचं झाकण आधीच सैल करून ठेवा, चिप्सचं पाकीट गाडीत राहू द्या, मोबाइल सायलेंट नव्हे तर बंद, कारण अंधारात चेहऱ्यावर पडणारा उजेडही दिसतो. लेन्स फटीतून बाहेर काढायची नाही. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही आणि पुणेरी माणूस नेमका तिथेच उठतो. तुतवार शेपूट हलवत चिखलावर येतो, मग शेकाट्ये, त्यांच्या मागून चमचे. थापट्या बदकं चोच पाण्यात बुडवून एकमेकांच्या मागे गोल गोल फिरायला लागली की समजा, तुमचं लपण त्यांनी हिशोबातून काढून टाकलं. निघतानाही तेच: समोर पक्षी असताना दार उघडायचं नाही.

हे सगळं होईपर्यंत बोटीच आहेत, तर बोटीतली बसणी तरी सुधारूया. रोहितांचा थवा आपल्याशी बोलत असतो, फक्त बघावं लागतं. निवांत असतील तर माना खाली, चोची उलट्या गाळात, पाय जागच्या जागी चालू. बोट जवळ आली की आधी कडेचे दोन-चार माना वर काढतात. मग आतल्यांच्या माना वर येतात आणि गलका वाढतो. पुढची पायरी म्हणजे सगळे एकाच दिशेला चालू लागतात. अजून उडालेले नसतात, म्हणून आपल्याला वाटतं अजून थोडं पुढे जाता येईल. तिथेच चुकतं. कडेच्या माना वर आल्या तेव्हाच थांबायला हवं होतं. चालायला लागले म्हणजे तुम्ही उशीर केलात, आणि पुढचं म्हणजे पाण्यावरून पावलं मारत धावणं आणि उडणं.

पट्टकदंबांच्या (बार-हेडेड गूजच्या) बाबतीत तर आळशीपणाचा गैरसमज आहे. ते रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. 'नुसतेच बसलेत, उडवा की जरा' असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पक्षी हिमालय ओलांडायच्या तयारीत अंगावर चरबी साठवत असतात.

दोष नावाड्यांना देऊन भागणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं जवळ घ्या, ते घेतात. म्हणून चढतानाच सांगायचं: 'मामा, लांबूनच बघू. इंजिन बंद करा, वल्ह्यावर घ्या, आणि थव्याकडे सरळ नको, तिरकं जाऊ.' बहुतेक मामा खूश होतात. डिझेल वाचतं आणि त्यांना पक्ष्यांची माहितीही आपल्यापेक्षा जास्त असते. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या, आणि फोटोपुरतं नाही, घालून बसा.

मार्चनंतर पाण्यातून छोटी बेटं वर येतात. त्यावर उतरून सेल्फी काढायची नाही. नदी सुरय आणि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती खड्यांसारखी दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाहीत. पाय नाही पडला तरी पक्षी उठलेला असतो आणि एप्रिलच्या उन्हात अंडी भाजायला फार वेळ लागत नाही. लपणसुद्धा घरट्यासमोर लावायचं नाही, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी.

ता. क. दुर्बीण कुठली घ्यावी, असं विचारणाऱ्यांसाठी: ८x४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. लपणात अंधार असतो आणि पक्षी जवळ असतात, १० पटीची हातात थरथरते. दहानंतर चिखलावरची हवा तापून लवलवायला लागते, तेव्हा लांबचे फोटो मऊ येतात. त्यात लेन्सचा दोष नसतो, सर्व्हिस सेंटरला फोन करू नका. आणि वरून भेगाळलेला दिसणारा गाळ काठीने टोचल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका. खाली गुडघाभर लोणी असतं, चप्पल तिथेच राहते.