रुंद टायर, बाहेर काढलेली चाकं आणि पिकअपची पकड

फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पावसाळ्याच्या तोंडावर एक मेसेज फिरतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी नुकतीच नवी गाडी घेतली आहे आणि मेसेज वाचून ते रिमचे भाव विचारत होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: कंपनीचे टायर काढून टाका. टायर जेवढा रुंद तेवढी पकड जास्त. मड टेरेनच (चिखलासाठीच्या मोठ्या ठोकळ्यांचे टायर) घ्या, ते सगळीकडे चालतात. मोठी अलॉय (मिश्रधातूची रिम) घाला, स्पेसर (रिमच्या मागे बसवायची जाड चकती) लावून चाकं बाहेर काढा म्हणजे गाडी उलटत नाही. साइज वाढवली तरी काही बिघडत नाही. स्टेपनी जुनीच राहू द्या.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. नव्या पिकअपवर येणारे टायर बहुतेक हायवेच्या नक्षीचे असतात आणि भर पावसात बागेच्या पाणंदीत त्यांची नक्षी चिखलाने भरून जाते. ते बदलावेसे वाटणं रास्त आहे. बदलून काय घ्यायचं, इथे मेसेज चुकतो.

रुंद टायर, जास्त पकड? टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. वजन तेच, हवा तीच ठेवून टायर रुंद केला, तर जमिनीवरचा ठसा आडवा वाढतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. ठसा खरोखर वाढवायचा तर हवा कमी करावी लागते, आणि त्याला पैसा लागत नाही. रस्त्यावर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेला टायर चिखलात किंवा वाळूत २० वर आणला की तो बसतो, ठसा लांब होतो, गाडी बाहेर येते. १५ च्या खाली मात्र जाऊ नका. साध्या रिमवर वळताना टायर रिम सोडू शकतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, नाहीतर साइडवॉल तापून फुटते. मेसेजमध्ये हवेबद्दल एक शब्द नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. आधी एक चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप घ्या, टायरचं नंतर बघू.

दुसरं म्हणजे जमीन कुठली आहे? आमच्याकडे राजापूरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चार बोटं लाल चिखल आणि खाली जांभा दगड. इथे अरुंद टायर चिखल कापून दगडावर टेकतो आणि गाडी ओढतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. जुन्या विलिस जीपला ६.००-१६ चे टायर असायचे, आजच्या नजरेला सायकलचे वाटतील इतके अरुंद, आणि ती जीप कुठे कुठे गेली हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मोकळ्या, खोल वाळूत रुंद टायर खरोखर कामाला येतो, कारण तिथे खाली टेकायला काहीच नसतं. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीची गोष्ट तिसरीच. ती ओली झाली की कुठल्याही नक्षीत भरून टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, गाडी बांधावर ठेवावी.

मड टेरेन सगळीकडे चालतात? चिखलात उत्तम चालतात. पण त्यांच्या मोठ्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त असते, म्हणून ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आमची गाडी बागेत दोन किलोमीटर चालते आणि अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाते ती शंभराच्या वर. जुलैतल्या धुक्यात, समोरून ट्रक येत असताना, मला पकड कुठे जास्त हवी हे सांगायला नको. ज्याची गाडी वर्षभर खाणीत किंवा चिखलातच असते त्याने मड टेरेन जरूर घ्यावेत. बाकीच्यांना बारीक चिरा असलेली ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हींसाठीची) नक्षी पुरते.

स्पेसर. हे मी स्वतः करून बसलोय. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून कमी ऑफसेटच्या, म्हणजे चाक बाहेर काढणाऱ्या, रिम घेतल्या आणि वर स्पेसर लावले. चाकं बॉडीच्या बाहेर आली, गाडी रुबाबदार दिसायला लागली. दुसऱ्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकातून घोंघावल्यासारखा आवाज सुरू झाला. बेअरिंग गेलं होतं. उजवं त्याच्या मागोमाग गेलं.

कारण सरळ आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या भागाला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर आहे ते अंतर. कंपनीने ते असं ठरवलेलं असतं की वजन बेअरिंगवर योग्य जागी पडावं. चाक बाहेर सरकवलं की तेच वजन लांब दांड्याने बेअरिंगवर पडतं. शिवाय स्टिअरिंगला दगडाचे झटके बसतात, आणि मडगार्डबाहेर आलेला टायर सगळा चिखल दरवाज्यांवर फेकतो. रुंदी वाढल्याने उभी गाडी थोडी स्थिर होते हे मान्य. पण उंच टायर घालून गाडी वर उचलली की तो फायदा बराचसा परत जातो.

नटांचे छेद जुळले म्हणजे रिम बसली, असंही समजू नका. टोयोटाच्या हायलक्स पिकअपच्या चाकाला सहा नट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर; याच मापाच्या रिम बाजारात ढिगाने मिळतात. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिम हबवर नीट मध्यावर बसत नाही, आणि स्टिअरिंग थरथरतं. मधलं भोक मोजून घ्या, नट रिममध्ये बसतो त्या खाचेचा आकार तपासा, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

मोठी अलॉय. हायलक्सला २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशा दोन साइज कंपनीच देते (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम इंचांत). हिशेब केला तर दोन्हींचा बाहेरचा व्यास ७७५-७७६ मिमी, म्हणजे जवळपास सारखा. रिम वाढली की रबराची भिंत तेवढी कमी होते: १७ इंचीला १७२ मिमी, १८ ला १५९. तोच व्यास राखून २० इंची रिम घातली तर २६५/५० टायरची भिंत १३२ वर येते. हवा कमी करायला आणि दगडाचा मार सोसायला जी भिंत लागते, तीच आपण पैसे देऊन घालवतो. ज्याला बागेत, खडीत जायचंय त्याने लहान रिम घ्यावी. स्टीलची रिम वाकली तर गावातला माणूस हातोडीने ठोकून घरी पोचण्याइतकी सरळ करतो. अलॉय तडकली तर तडकली.

साइज वाढवली तरी काही बिघडत नाही? २६५/६५ च्या जागी २८५/७० आर १७ घातला तर व्यास ८३१ मिमी होतो, ५५ ने जास्त. जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मी, सुमारे २७ मिमी वाढते. बदल्यात सगळे गिअर सात टक्के लांब होतात, म्हणजे चढावर लो रेंजची (सावकाश पण जोराने ओढणाऱ्या गिअरची) ताकद कमी. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५-८६ ने पळत असते. पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर हीच चाकं बघतो. कंपनीने आपल्या मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहिलात तर यातलं काही मागे लागत नाही.

पिकअप माल वाहते हे मेसेज लिहिणारा विसरलाच आहे. टायरवर साइजच्या पुढे भाराचा आकडा असतो: ११० म्हणजे १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा आकडा घेऊ नका, मग नक्षी कितीही देखणी असो. मागे आंब्याच्या पेट्या भरून घाट उतरताना हाच आकडा तुम्हाला सांभाळतो. एलटी (लाइट ट्रक) शिक्क्याचा टायर घेतलात तर तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते; दारावरच्या स्टिकरचा हवेचा आकडा त्याला लागू होत नाही.

स्टेपनी जुनीच? आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चार चाकांत एकाचा व्यास वेगळा असला की ती ओढाताण थेट ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीत) जाते. आणि पंक्चर व्हायचं तेव्हा नेमकी फोर व्हीलचीच गरज असते. म्हणून पाच टायर एका साइजचे, एका नक्षीचे घ्या. घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मी आता १७ इंची स्टील रिमवर कंपनीच्याच साइजचे पाच ऑल टेरेन वापरतो, आणि दर १०,००० किलोमीटरला पाचवाही बाकीच्या चारांबरोबर फिरवतो, म्हणजे पाचही सारखे झिजतात.