अचूकता ९५ टक्के, पण कशाची?
मॅमोग्राफी (कर्करोग शोधण्यासाठी काढलेला स्तनांचा एक्स-रे) वाचणारं एआय ९५ टक्के अचूक असेल तर सल्लागार समितीने मंजुरीला वेळ लावू नये, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. समजा, शिबिरात आलेल्या १००० बायकांपैकी ५ जणींना कर्करोग आहे. सगळ्यांना ‘काही नाही’ सांगणारं सॉफ्टवेअरही ९९.५ टक्के अचूक ठरतं! त्या ५ पैकी किती सापडल्या आणि निरोगी ९९५ पैकी किती जणींना उगाच बायोप्सीला (गाठीचा तुकडा काढून तपासायला) पाठवलं, हे समितीने आधी विचारायला हवं.

आणि ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या मशीनवर ते चालणार, तिथल्याच बायोप्सीचा निकाल माहीत असलेल्या जुन्या मॅमोग्राफीवर तपासून बघा. चाळिशीतल्या बायकांचे वेगळे आकडे मागाच. या वयात स्तन बऱ्याचदा दाट असतात, एक्स-रेत पांढरे दिसतात, आणि दाट स्तनात पांढरी गाठ पांढऱ्यातच लपते. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हीच चाचणी पुन्हा, हे करारात हवं.