टॉवेलाखालचा तह

परवा रविवारी सकाळी मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून दुसऱ्याच्या बाथरूमच्या दुरुस्तीचे साडेतीन हजार द्यायला कबूल झालो. वर एकशे एक रुपये इसार पण दिला. चहा आमचा, भडंग आमचं, गळतंय ते छतही आमचंच. आज बुधवार आहे आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

गळतीचं थोडक्यात सांगतो, कारण घरात तो विषय काढायला बंदी आहे. आम्ही सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्या बरोब्बर डोक्यावर एक सर राहतात. माणूस सज्जन, आणि हेच तर दुखणं आहे, कारण सज्जन माणसाशी भांडता येत नाही. आठ महिने झाले, आमच्या बाथरूमच्या छतातनं थेंब पडतोय. महादेवाच्या पिंडीवर गळती लावलेली असते ना, तसाच, संथ, श्रद्धेनं. आई त्याच्याखाली आंघोळ करते आणि तोंडानं रुद्र म्हणते, त्यामुळं तिला काही वाटत नाही, पण मला माहितीये की तो अभिषेक सरांच्या आंघोळीच्या पाण्याचा आहे. सर सहा दहाला आंघोळीला जातात, सहा वीसला आमच्याकडं चंदनाच्या साबणाचा वास येतो. एखाद्याविषयी इतकं माहिती असणं बरं नव्हे.

खाली बादली ठेवलीय. आमच्या चिरंजीवांनी तिला मार्करनं दोन रेघा मारल्यात, खालच्या रेघेला ४०, वरच्या रेघेला ४५. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पुराची इशारा पातळी आणि धोका पातळी, फुटांत, सांगलीतल्या पोरांना ही पाढ्याच्या आधी पाठ होते. रोज रात्री तो ओरडतो, "बाबा, इशारा पातळी ओलांडली!" आणि मी जाऊन बादली ओततो.

प्लंबरनं सांगितलं, वरच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याच्या कडेनं पाणी मुरतंय, टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागंल, मटेरियल धरून चौदा हजार. मी वर गेलो. सरांनी मला बाथरूम दाखवलं, टाइल्सवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "बघा की, आमच्याकडं एकदम कोरडं आहे." आता यावर काय बोलायचं. पाणी खाली जातं हे सरांना कुणी शिकवायचं, ते स्वतः सर आहेत.

कंपनीनं मागं आम्हाला एका ट्रेनिंगला बसवलं होतं, वाटाघाटी कशा कराव्यात म्हणून. त्यात ती संत्र्याची गोष्ट सांगितली होती, दोन बहिणी एका संत्र्यावरनं भांडतात, अर्धं-अर्धं करतात आणि मग कळतं की एकीला रस हवा होता आणि दुसरीला केकसाठी साल. म्हणजे माणूस काय मागतोय ते बघू नका, त्याला ते कशाला हवंय ते विचारा. मी मनापासून विचारलं. "सर, यात तुमची नेमकी अडचण काय आहे?" सर म्हणाले, "मला काहीच अडचण नाही." संपलं. त्या गोष्टीत संत्रं दोघींना हवं असतं हो, आमच्याकडं पाणी दोघांनाही नको होतं.

तसं पाण्याचं भांडण आमच्या भागाला नवीन नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाई-कराड करत आमच्या सांगलीवरनं पुढं कर्नाटकात जाते, आणि तिच्यावरनं तीन राज्यांचं जे भांडण लागलं त्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला, १९७३ ला निवाडा आला, तो पक्का व्हायला १९७६ उजाडलं. महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. आणि एवढं करून २००४ ला दुसरा लवाद नेमावा लागलाच. म्हणजे नदीची ही गत, मग एका नहाणी ट्रॅपला आठ महिने काय जास्त झाले, असं मी बायकोला म्हणालो तर तिनं बादली माझ्या हातात दिली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी उपविधी काढून दाखवले. गच्चीची गळती आणि कॉमन पाइपलाइनची गळती सोसायटीनं बघायची, फ्लॅटच्या आतली ज्याची त्यानं. म्हणजे खर्च सरांचा, सरळ आहे. मग पुस्तक मिटून म्हणाले, "पण मी सांगितलं म्हणू नका. तुम्ही आपसात मिटवून घ्या, तुम्ही समजूतदार आहात." हे वाक्य ज्याला ऐकवतात त्याचा खिसा कापला जाणार हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. वकील मित्राला विचारलं तर तो लोकअदालत म्हणाला, तिथं तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, वर अपील नाही, कोर्ट फी भरलेली असली तर ती पण परत, फक्त दोघांची संमती लागते. म्हणलं संमती असती तर तुझ्याकडं कशाला आलो असतो मर्दा.

तर रविवार. बेल वाजली, दारात सर, आणि सरांच्या मागं सरांच्या मिसेसचे मामा. आटपाडीकडचे. मिरजेला डोळे दाखवायला आले होते. धोतर, तीन बटणी शर्ट, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. उभी हयात जनावरांच्या बाजारात दलाली केलेली, खरसुंडीच्या यात्रेत म्हणे त्यांच्याशिवाय खिलारी बैलाचा सौदा ठरायचा नाही. वर गावात दोन वर्षं तंटामुक्तीचे अध्यक्ष. ती मोहीम आमच्याच जिल्ह्यातल्या अंजनीच्या आबांनी, आर. आर. पाटलांनी, गृहमंत्री असताना काढलेली, १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, गावातली भांडणं गावातच मिटवायची आणि सरकारकडनं बक्षीस घ्यायचं. शहरातल्या अपार्टमेंटला अशी काही सोय नाही. आम्हाला बक्षीस पण नाही आणि अध्यक्ष पण बाहेरनं मागवावा लागतो.

"कुटं गळतंय, बगू," मामा म्हणाले.

बाथरूमच्या दारात त्यांनी चप्पल काढली. (बाथरूममध्ये जायला!) मान वर केली, डोळे बारीक केले, कमरेवर हात ठेवून छताभोवती एक फेरी मारली.

"कवापासनं?"

"आठ महिने झाले."

"आमुशा-पुनवंला जास्त व्हतं का?"

"रोज सकाळी सहा वीसला होतं. सर आंघोळीला गेले की."

सरांनी घसा खाकरला.

"बिल्डिंग किती वर्साची?"

"एकोणीस."

मामांनी छताकडं असं बघितलं की जणू त्याचा जबडा उघडून दात मोजतायत. बैलाचं वय दातांवर ठरतं, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळलेला. "जुळलंय," मामा म्हणाले, "जुळून बी लई दिस झालं. आता गळनार न्हाई तर काय करनार." आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवला, जणू जनावर माझं होतं आणि मी ते तरणं म्हणून विकायला आणलं होतं.

मग हॉलमध्ये बसलो. मला वाटलं आता विषय निघंल. तर मामांनी विचारलं, "गाव कुठलं म्हनायचं तुमचं?" म्हणलं कराडकडचं. कराडात कुठं. अमुक ठिकाणी. तिथं आडनाव काय. आईचं माहेर कुठलं. आत्या कुठं दिलेल्या. एक चुलत आत्या विट्याला दिलीय म्हणल्यावर मामा सोफ्यावर पुढं सरकले. विट्यात कुनाकडं? त्यांचं थोरलं का धाकलं? अकराव्या मिनिटाला (घड्याळ समोरच होतं) मामांनी मांडीवर थाप मारली. "आवं मंग तुमी पावनंच की आमचं!"

सरांचा चेहरा असा उजळला की त्यांच्या लग्नात उजळला नसंल. आणि मी, गाढव, मी पण हसलो. बरं वाटलं हो खरंच. आत्याचं नाव कुणी काढलं की वाटतंच. आतनं बायकोला म्हणलं, अगं, पाव्हणे निघाले, भडंग आण. त्या भडंगासोबतच माझे चौदा हजार गेले होते, फक्त मला अजून कळायचं होतं. शेजाऱ्याकडं खर्च मागता येतो, पाव्हण्याकडं कसा मागणार? ट्रेनिंगवाल्यानं दोन दिवस स्लाइडा दाखवून जे शिकवलं नाही ते मामांनी एका आत्यात केलं.

चहा झाला. मामांनी मिशा पुसल्या आणि खांद्यावरचा टॉवेल काढला.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल नाहीतर टॉवेल टाकायचा आणि आतनं एकमेकाची बोटं धरायची, एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, आणि बोटाचे शेकडे धरायचे का हजार ते आधीच बोलायचं. भोवती पन्नास बघे असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. कमी मागितलं म्हणून मालकाची चारचौघांत अब्रू जात नाही, आणि जास्त दिलं म्हणून घेणाऱ्याला कुणी येडा म्हणत नाही. पद्धत म्हणून मला ती आवडते. आवडायची.

मामा आधी सरांकडं वळले. टॉवेलाखाली काहीतरी हललं. सरांनी मान हलवली, मग परत हलवली, मग खाली घातली. मग मामा माझ्याकडं आले. माझा हात त्यांच्या हातात गेला आणि खरं सांगतो, मी कीबोर्डवरचा माणूस, तो हात म्हणजे बाभळीचं लाकूड होता. "ह्ये हजार," मामा म्हणाले आणि माझी तीन बोटं धरली. मग करंगळीचं एक पेर दाबलं. "आन ह्ये पाचशे."

साडेतीन हजार. मी मनात हिशोब केला. म्हणजे सर दुरुस्ती करून देणार आणि वर माझ्या छताचा पोपडा निघालाय, त्याच्या गिलाव्या-रंगाला मला साडेतीन हजार देणार. वा! मी तर तेवढं मागणार पण नव्हतो. मला एकदम सरांची दया आली, म्हणलं जाऊ दे, जास्त ताणायला नको, आणि मी मामांचा हात घट्ट दाबला.

टॉवेल उडाला. "मिटलं!" मामा म्हणाले. "पावनं साडेतीन देनार, बाकीचं आमचं जावई घालनार."

"कोण देणार?"

"तुमी."

"अहो मामा, मला वाटलं मला मिळणार आहेत!"

मामा हसले नाहीत. फार शांतपणे, लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, "पावनं, बाजारात पैसं कोन देतं? जनावर घरला न्हेनारा का सोडून जानारा?"

"नेणारा. पण मी कुठं काय नेतोय?"

"गळायचं थांबनार त्ये कुनाच्या घरात?"

"माझ्या."

"मंग सुख कुनाला?"

"मला, पण..."

"सरास्नी काय सुख? त्येंचं तर कोरडंच हाय."

मी सरांकडं बघितलं. सर भडंगातले शेंगदाणे निवडत होते.

"मामा, पण त्रास पण मलाच झाला की आठ महिने!"

"त्येच म्हनतोय म्या. येवढा तरास झाला, त्यो थांबायला मानूस धा हजार बी दील. तुमास्नी साडेतीनात बसवलं. हात दाबला का न्हाय तुमी?"

दाबला. आता दाबला तर दाबला. मामांनी सांगितलं, इसार द्या, इसार दिला की शब्द दिला. माझ्या पाकिटात शंभराची नोट होती, वरचा एक रुपया चिरंजीवांनी स्वतःच्या गल्ल्यातनं आणून दिला, त्याला वाटलं काहीतरी पूजा आहे. ते एकशे एक मी सरांच्या हातात ठेवले. सर म्हणाले, "कशाला, कशाला," आणि खिशात घातले. मामांना दलालीचं विचारलं तर कानाला हात लावला, पाव्हण्याकडनं दलाली घेत नाही म्हणाले. भडंगाचं एक पाकीट घेतलं फक्त. जाताना आत्याला नमस्कार सांगितला.

दार लागल्यावर बायको स्वयंपाकघरातनं बाहेर आली आणि काही बोलली नाही. ती मंडईत दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पेठ पालथी घालते. चिरंजीव म्हणाले, "मामांनी बाबांना मामा बनवलं." त्या जोकला घरात अजून हसायलेत.

मामांना द्यायचं उत्तर मला सोमवारी सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी सुचलं, डोक्यावर थेंब पडत असताना. मामा, जनावर माझ्या रानात शिरून पीक खाल्लं तर दावणीला बांधायचा खर्च मी द्यायचा का मालकानं? काय सणसणीत उत्तर आहे. पण मामा तोवर आटपाडीला पोचले होते आणि माझ्या अंगाला साबण होता.

राग मामांचा नाही फारसा. राग याचा आहे की आठ महिने मी नियम घेऊन फिरलो, उपविधी माझ्या बाजूनं, प्लंबर माझ्या बाजूनं, खुद्द गुरुत्वाकर्षण माझ्या बाजूनं, आणि तरी ज्याला त्याला समजूत घालायला मीच सापडलो. सरांची समजूत कुणी घातली नाही, कारण ते ऐकत नाहीत हे सगळ्यांना माहितीये. मी ऐकतो. मिटवणारा माणूस आल्या आल्या बघतो की यातलं कुठलं टोक मऊ आहे, आणि तिथंच दाबतो. ही खोड मामांचीच नाही. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा पण हेच झालं होतं, विहिरीकडची बाजू थोरल्यांना आणि "तू शिकलेला आहेस" मला. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहिलं तर भाऊ वाचंल.

आज दुपारी सरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. फोडायचंच आहे तर टाइल्स नव्याच टाकून घेऊ म्हणतायत, तीन नमुन्यांचे फोटो पाठवलेत. "तुम्हाला कुठला बरा वाटतो? आता घरचेच आहात."

मला मधला आवडलाय, बिस्किट कलरचा. पण अजून सांगितलं नाहीये.