न केलेल्या गुन्ह्याचा दंड त्वरित कसा भरावा

खरं ई-चलान भरायची घाई कुणालाच नसते. लोकअदालत लागेल, काही सूट मिळेल, नाहीतर गाडी विकायची वेळ आली की बघू. पण तेच चलान व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून आलं, पाठवणाऱ्याने डीपीला पोलिसांचं बोधचिन्ह लावलं असलं आणि खाली ‘आज रात्री १२ पर्यंत भरा, अन्यथा लायसन रद्द’ असं लिहिलं असलं, की आपल्यातला कर्तव्यदक्ष नागरिक खडबडून जागा होतो. अशा नागरिकांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

आधी सोबत आलेली फाइल उघडा. नाव ‘आरटीओ ई-चलान’ असं काहीतरी असेल आणि शेवटी डॉट एपीके. पीडीएफ असती तर नुसती वाचून सोडून दिली असती. एपीके म्हणजे अख्खं ॲप, ते फोनमध्ये बसवावं लागतं. एमपरिवहन हे खरं सरकारी ॲप प्ले स्टोअरवर फुकट मिळतं आणि कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवरून ॲप वाटत फिरत नाही, हे खरं. पण तुम्हाला घरपोच आलंय, नाही कशाला म्हणायचं?

तुमचा फोन मात्र आडमुठेपणा करील. ‘या स्रोतावरून ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी नाही’ म्हणेल. सेटिंग्जमध्ये जाऊन ती देऊन टाका. मग प्ले प्रोटेक्ट हा अँड्रॉइडचा पहारेकरी धोक्याची पाटी दाखवील. ‘तरीही इन्स्टॉल करा’ हा पर्याय मुद्दाम अडगळीत ठेवलेला असतो, तो चिकाटीने शोधा. यानंतर परवानग्यांची रांग लागेल: एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, कॉल, नोटिफिकेशन, बॅटरीच्या बंधनातून सूट. दंडाची पावती दाखवायला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे, असा खवचट प्रश्न मनात आणू नका. वाचता आले की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चलान पाठवणाऱ्याकडे पोचतो. पाठवता आले की तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि तुमचा नंबर भलत्याच फोनवर यूपीआयला जोडायची वाट मोकळी होते. बॅटरीची सूट मिळाली की ॲप रात्रभर जागं राहतं. प्रत्येक परवानगीला काम आहे, फुकट काही मागितलेलं नाही.

इतकं करूनही चलान दिसत नाही. उलट ॲपचं चिन्हच स्क्रीनवरून गायब होतं. ‘सरकारी ॲप, चाललंच नाही’ असं म्हणून तुम्ही फोन चार्जिंगला लावता. सकाळपर्यंत तीच फाइल तुमच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचमध्ये आणि व्याह्यांकडे पोचलेली असते. व्याही ती लगेच उघडतात, कारण तुमच्याकडून आली आहे.

आयफोनवाल्यांनी खट्टू होऊ नये. एपीके तुमच्याकडे चालत नसली तरी लिंक चालते. लिंकवरचं संकेतस्थळ दिसायला अगदी सरकारी: सिंहमुद्रा आहे, निळा पट्टा आहे. पत्त्यात ‘परिवहन’ आहे, ‘गव्ह’ही आहे, फक्त शेवट डॉट गव्ह डॉट इन ऐवजी डॉट टॉप किंवा डॉट व्हीआयपी असा होतो. पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय लिहिलंय तेवढंच खरं, बाकी सजावट. पण सजावटीवरच तर आपण भाळतो.

खऱ्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर गाडीच्या नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे द्यावे लागतात. म्हणजे आरसी शोधा, चष्मा शोधा. मग चलान निघतं तेही ठिकाण, वेळ, गुन्हा आणि बहुतेकदा फोटोसकट. बनावट ठिकाणी अशी कटकट नाही. गाडीचा नंबर टाकला की झालं, पाचशे-सहाशेचा दंड हजर. उगाच खोडसाळपणा म्हणून नंबराच्या जागी सासूबाईंचं नाव टाकून पाहू नका. त्यांनाही तेवढाच दंड निघतो आणि मग विश्वास उडतो. पैसे भरताना यूपीआय ‘तांत्रिक कारणाने बंद’ असेल, फक्त कार्ड चालेल. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं सुवाच्य भरा. दंड पाचशेचा असतो, पण मागितलेलं असतं कार्ड, आणि कार्डावर पाचशेची मर्यादा नसते.

आता टोल. ‘आपल्या कारचा वाशी नाक्यावरचा टोल थकला आहे’ असा संदेश आला तर जरूर भरा. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, या मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४पासून टोलमाफी आहे, पण आपण इतके हिशेबी कधी होतो? स्कूटरला राष्ट्रीय महामार्गाचा टोल थकल्याची नोटीस आली तर आणखीच उत्तम. दुचाकीला तिथे टोलच नाही. फास्टॅगमध्ये पैसे नसले तर दांडीच्या नाक्यावर एरवी हिशेब तिथेच मिटतो: राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ला नियम आला तेव्हा यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट. दांडी वर जाते ती त्यानंतरच.

फास्टॅगच्या वार्षिक पासचीही स्वस्ताई चालू असते. १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला तेव्हा हा पास ३,००० रुपयांचा होता, खासगी कारसाठी, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो मिळतो राजमार्गयात्रा ॲपवर किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर. फेसबुकच्या जाहिरातीत मात्र तोच ९९९ला देतात आणि वर ‘मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही चालेल’ असं सांगतात. हा मार्ग राज्याच्या ताब्यात, तिथे हा पास चालतच नाही, समृद्धीवरही नाही. खोटा पास खऱ्यापेक्षा जास्त ठिकाणी चालतो, हे मान्य करायलाच हवं.

शंका आली तर गूगलवर ‘फास्टॅग कस्टमर केअर’ शोधा आणि जो मोबाइल नंबर पहिला दिसेल तो फिरवा. महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे आणि बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पण तिथे ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकत बसावं लागतं. इथे माणूस पहिल्या रिंगला उचलतो, ‘सर’ म्हणतो आणि स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं वाईट वाटायला नको, त्यांनाही ही सेवा आहे. ‘ईझीपासचे (म्हणजे तिकडच्या फास्टॅगचे) ६.९९ डॉलर बाकी’ असा मेसेज येतो, अनेकदा फिलिपिन्सच्या +६३ नंबरावरून. ज्यांनी टोलचा रस्ता पाहिलेला नाही त्यांनाही येतो. अनोळखी माणसाची लिंक आयफोन आपोआप निकामी करतो, म्हणून खाली सूचना असते: ‘वाय लिहून उत्तर द्या, मेसेज बंद करून पुन्हा उघडा.’ उत्तर दिलं की फोन त्या नंबराला ओळखीचा समजतो आणि लिंक जिवंत होते. पुढे जो ओटीपी मागतात तो सात डॉलरसाठी नसतो. त्याने तुमचं कार्ड त्यांच्या फोनच्या वॉलेटमध्ये जाऊन बसतं. असा मेसेज तिथे तक्रार म्हणून ७७२६ला पाठवून देता येतो, पण मग मजा काय राहिली?

एवढं सगळं नीट पार पडलं आणि खातं रिकामं झालं, तर शांत राहा. एअरप्लेन मोड लावू नका, नाहीतर पुढचे ओटीपी अडतील. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तर मुळीच कळवू नका. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेतल्याच खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते. बँकेलाही सवडीने सांगा. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७च्या परिपत्रकात ठरवलं होतं. बँकेवर कशाला बोजा टाकायचा?

*#२१# फिरवून कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते पाहू नका, ##००२# फिरवून ते बंदही करू नका. तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडलंय हे दाखवणाऱ्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’मध्ये डोकावू नका. नुसतं ॲप काढून टाकलं की काम झालं असं समजा. ॲक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस ॲडमिनचे, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचे हक्क घेतलेलं ॲप सहजी निघत नाही. फोटोंचा बॅकअप घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करणं आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलणं ही भित्र्यांची कामं.

आठवड्याभराने एक फोन येईल. ‘सायबर सेलमधून बोलतोय. तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला फक्त २,००० रुपये प्रोसेसिंग फी.’ त्यांच्याकडे तुमचं नाव, बँक आणि गेलेली रक्कम बिनचूक असेल. असणारच, नेली त्यांनीच. फी किरकोळ आहे, भरून टाका.