सगळ्यात आधी माझा डबा

वजन कमी करायचंय एवढं नुसतं म्हणा, भिशीतल्या बायका लगेच विचारतात, "दीक्षित की दिवेकर?" म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. दोन्हीकडे गुण आलेल्या बायका मी पाहिल्यात आणि दोन्हीकडून महिन्याभरात पळून आलेल्याही. माझं मत विचाराल तर, ज्यांना गुण आला त्यांचं काय, किती आणि कधी खायचं हे भूक लागायच्या आधीच ठरलेलं होतं. वाईट काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला तर हेच हवं असतं. रोज नव्याने ठरवण्याइतकं त्राणच अंगात उरलेलं नसतं.

माझं सांगते. मिस्टरांची नाशिकच्या अंबडमधली कंपनी बंद पडली. घराचे हप्ते चालू, पोरगी बारावीला. मी सिडकोतल्या घरातूनच डबे सुरू केले. खोली करून राहणारी, एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची सेकंड. पहाटे पाचला कणीक, रात्री दहाला भांडी. अख्खा दिवस लोकांना जेवू घालायचं, पण स्वतःसाठी ताट वाढून घेतलंय असं क्वचितच. खाणं मात्र चालूच. पातेल्यात उरलेली बटाट्याची भाजी टाकवत नाही म्हणून, फाटलेली पोळी डब्यात देता येत नाही म्हणून, मीठ बघायचंय म्हणून. सगळं ओट्यापाशी, उभ्याउभ्या. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, "मी अजून जेवलेच नाही हो." वर चहा. बँकेचा फोन आला की चहा, फोन येऊन गेला की पुन्हा चहा.

याला जिभेचे चोचले म्हणू नका. झोप कमी पडली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी होतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल चढलेलं राहतं, हात आपोआप गोडाकडे नि तळणाकडे जातो. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच की लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी-काकू "किती सुटलीस गं!" म्हणते. (हप्ते कसे भरतेस, हे त्यातल्या एकीनेही विचारलं नाही.) त्या काळात डाएट केलं नाही याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही. घर तरलं. घरात आग लागलेली असताना कुणी रांगोळी काढत बसत नाही.

आता मिस्टर सिन्नरला लागलेत, पोरीचं कॉलेज मार्गी लागलंय. मग मनावर घेतलं. आधी डॉक्टरांकडे, कारण वजनाच्या मागे थायरॉइड किंवा साखर दडलेली असू शकते. थायरॉइडची टीएसएच, गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी, बीपी, सगळं करून घेतलं. मग शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून पोटाचा घेर मोजला. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही धोक्याची रेघ. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 पर्यंत चालतो असं इंटरनेटवर वाचून खूश होऊ नका. आपल्या भारतीय शरीरांसाठी 23 पासूनच जादा वजन धरतात. माझी टेप कुठवर गेली ते सांगत नाही.

आहारवाल्या ताईंनी वहीत गणित मांडून दिलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज 550 कमी पडायला हव्यात. ऐकून मला वाटलं, झालं, आता उपाशीच राहायचं. पण त्यांनी पुढची ओळ लिहिली. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. उभ्याउभ्या पोटात जाणाऱ्या दोन फाटक्या पोळ्या, तेल धरून दोनशेच्या वर. फोडणीतलं तीन चमचे जास्तीचं तेल, चमच्याला 45 प्रमाणे 135. संपलं की! जेवणाला अजून हातही लावला नव्हता.

तर आता सकाळी डबे भरायला घेते तेव्हा पहिला डबा माझा. बाकीच्यांसारखाच चार खणांचा, झाकणावर मार्करने नाव घातलेला. खालच्या खणात दोन पोळ्या, त्यावर मटकीची नाहीतर मुगाची घट्ट उसळ, मग फळभाजी, वर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. ताक वेगळं. झाकण लागलं की विषय संपला. दुपारी एक वाजता खुर्चीवर बसून तोच डबा उघडायचा. आमटी चाखायची तर तळहातावर थेंब. फाटलेल्या पोळ्या गल्लीतल्या मोत्याच्या, त्याचं वजन वाढतंय ते वेगळं. आपल्या जेवणात पोळी-भात-बटाटाच फार आणि प्रथिनं कमी, म्हणून उसळीचा खण मी मोठा केला. किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितलीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासएक ग्रॅम. एका अंड्यात सहा. हिशोब करा म्हणजे कळेल, वाटीभर पातळ वरणाने काय होतं ते.

एकादशीचं म्हणाल तर एकादशी दुप्पट खाशी हे आमच्या घरी तंतोतंत लागू होतं. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. उपवास देवासाठी करा, वजनाच्या खात्यात तो धरू नका. आणि मिसळ? नाशकात राहून मिसळ सोडा म्हणणाऱ्याशी मी बोलतच नाही. तळाशी मोड आलेली मटकीच असते, बिचारीचा काय दोष. तर्री बेताची, पाव एकच, फरसाण वेगळं मागून चिमूटभर, शेवटची जिलेबी मिस्टरांना.

चालणं आधी सपाटीवर, कारण गुडघे. आठवड्याला 150 मिनिटं सांगतात, मी पाथर्डी फाट्याकडे चालत सुरुवात केली. आता रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढते. वर पोचल्यावर श्वास लागतो, पण लेण्यांपाशी थंड सावली असते आणि तिथे चहाची टपरी नाही हा मोठाच फायदा.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल इनबॉक्समध्ये विचारू नका. ती भूक कमी करतात हे खरं, पण ती डॉक्टरने तपासून द्यायची गोष्ट आहे, भिशीतल्या ग्रुपवर वाटायची नाही. शिवाय ती घेतली तरी ताटात उसळ लागतेच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. शुगरची गोळी चालू असेल तर दोनदा जेवायचा प्रयोगसुद्धा विचारल्याशिवाय करू नका.

माझा डबा बघून दोन पोरांनी तसलाच मागितला. म्हणून पहिल्या तारखेपासून कमी तेलाचा डबाही सुरू करतेय, सिडको आणि अंबडपुरता. भाव नेहमीचाच. तेल कमी तर पैसेही कमी करा म्हणणाऱ्यांनी आधी काकडीचा भाव विचारून यावं.